घरच्या कामाला छोटं मिग वेल्डिंग मशीन घेताना



शेळ्यांच्या गोठ्याबद्दल आपण बोललो, तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं होतं: गव्हाण, जाळीचं दार, खाटेचा तुटलेला पाय हे आपलं आपल्याला जोडता येईल का? त्यासाठी छोटं मशीन घरी घ्यावं का? आज त्याबद्दल बोलू. पण आधी आमची चूक सांगतो.

आमच्या गटातल्या एकीने गटाचं कर्ज काढून मशीन आणलं. डब्यावर ठळक आकडा होता, २५०. दुकानदार म्हणाला, "ताई, आकडा मोठा तेवढं मशीन दमदार." घरी लावलं तर बटण दाबलं की दिवे मिणमिणायचे, तिसऱ्या टाक्याला एमसीबी पडायचा. एप्रिलच्या दुपारी तर पाच मिनिटांत पिवळा दिवा लागून मशीन गप्प व्हायचं. मशीन बंद पडायचं, पण हप्ता थांबत नव्हता. तिने तो दुधाच्या पैशातून भरला. तेव्हा आम्ही शिकलो की डब्यावरचा आकडा नंतर बघायचा. आधी आपलं लोखंड बघायचं आणि आपली वीज बघायची.

आता मिग म्हणजे काय ते सांगतो. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात होल्डरमध्ये रॉड धरून काम चालतं, ते तुम्ही पाहिलंय. मिगमध्ये रॉडऐवजी रिळावरची बारीक तार असते. गनचं बटण दाबलं की तार आपोआप पुढे येते आणि वितळून जोड धरते. रॉड सारखा चिकटत नाही, म्हणून नव्या हाताला हे लवकर जमतं. पातळ पाइप आणि पत्रा जोडायला हे फार सोयीचं आहे.

म्हणून पहिला प्रश्न असा: तुमच्याकडे जोडायचं काय आहे? एक-दीड मिलिमीटरचा चौकोनी पाइप, बारीक अँगल, दारं, खुराडी असतील, तर मिग घ्या. कुळवाची पास, जाड पट्ट्या, गंजलेली औजारं हेच काम जास्त असेल, तर साधं रॉडचं मशीन पुरतं आणि ते स्वस्तही पडतं. दोन्ही कामं असतील, तर मिग आणि रॉड दोन्ही चालणारं मशीन मिळतं.

दुसरा प्रश्न विजेचा. १०० अँपिअरवर काम करताना छोटं इन्व्हर्टर मशीन घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवरून साधारण १५ अँपिअर ओढतं. म्हणजे जाड पिनेचा १६ अँपिअरचा प्लग तिथेच भरला. १५० वर नेलं तर ओढ २५ च्या पुढेमागे जाते. म्हणून २५० चं मशीन साध्या घरच्या वायरिंगवर त्याच्या ताकदीने चालतच नाही. १४० ते १६० चं मशीन घ्या आणि पातळ कामाला ते ६० ते १०० वर वापरा. वायरमनकडून मीटरचा मंजूर भार, वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्या. एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवू नका आणि फ्यूजला जाड तार गुंडाळू नका. त्याने घर पेटतं. लांब, बारीक एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडतं, मग जोड कच्चा राहतो. संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरतं, तेव्हा हे काम सकाळी करा. जोडकामाचा धंदा करायचा असेल, तर घरगुती मीटरवर चालतो का, ते आधी वीज कार्यालयात विचारा.

तिसरी गोष्ट मशीनच्या दमाची. मशीनवरच्या नेमप्लेटवर अँपिअरसोबत टक्के लिहिलेले असतात. १४० अँपिअरला ६० टक्के, याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं आराम. हा आकडा ४० अंश तापमानाला दिलाय का, तेही बघा. थंड खोलीतला आकडा आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. नुसता २० टक्के असेल, तर ते मशीन दोन मिनिटांनी दम खाणारं आहे.

चौथी गोष्ट तार आणि गॅस. साध्या तारेला कार्बन डायऑक्साइड किंवा आर्गन मिसळलेला गॅस लागतो. जोड स्वच्छ येतो, पण अंगणात वारं असलं की गॅस उडून जातो आणि जोडात भोकं पडतात. शिवाय सिलेंडर कुठे भरून मिळतो, हे आधी बघावं लागतं. दुसरी तार पोटात पावडर असलेली, तिला गॅस लागत नाही. ती वाऱ्यात चालते. धूर जास्त होतो आणि वरची खपली ठोकून काढावी लागते. फार पातळ पत्र्याला तिने भोक पडतं. आणखी एक लक्षात ठेवा: गॅसच्या तारेला गन प्लसला जोडतात, बिनगॅसच्या तारेला मायनसला. ही अदलाबदल करता येते का, हे विचारूनच मशीन घ्या. आम्ही ती न करता आठवडाभर ठिणग्याच उडवत बसलो होतो.

दुकानात रिकाम्या हाताने जाऊ नका. आपल्या कामाच्या पाइपचे दोन तुकडे न्या, तिथेच जोडून दाखवायला सांगा आणि हातोड्याने ठोकून बघा. मिगचा जोड वरून छान दिसतो आणि आतून सुटा असू शकतो. टिप, नोझल, तार जवळ कुठे मिळते आणि दुरुस्ती कोण करतं, हेही विचारा. पक्कं बिल घ्या.

मशीनच्या पैशातच काचेचा आणि हातमोज्यांचा पैसा धरा. आपोआप काळी होणारी, १० किंवा ११ नंबरची काच असलेला चेहऱ्याचा मास्क आणि चामडी हातमोजे लागतात. उघड्या डोळ्यांनी तो प्रकाश बघितला की लगेच काही वाटत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि झोप येत नाही. म्हणून पोरांना लांब ठेवा. नायलॉन-पॉलिस्टरची साडी वितळून अंगाला चिकटते. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती सलवार किंवा पँट आणि पायात बूट घाला, पदर-ओढणी लोंबती नको. कडबा, गवत, डिझेल दूर ठेवा आणि वाळूची बादली जवळ ठेवा. जस्ताच्या पत्र्याचा धूर अंगात गेला की ताप भरतो. जोडाजवळचं जस्त मोकळ्या हवेत आधी घासून काढा, तेव्हाही तोंडावर मास्क हवा. गरोदर बाईने या धुरात थांबू नये.

ट्रॉलीचा हूक, पाळण्याची कडी, जिन्याचा आधार, ज्यावर माणसाचा जीव आहे ते जोड मात्र शिकलेल्या वेल्डरकडूनच करून घ्या. त्यात कमीपणा नाही.

आमच्या मैत्रिणीचं ते मोठं मशीन शेवटी तोट्यात विकलं गेलं. आता गटाचं मिळून १६० चं एक मशीन आहे. ते आळीपाळीने घरोघरी जातं आणि सोबत एक वही जाते: कोणी नेलं, काय जोडलं, तार किती लागली. घेण्याआधी तुमच्या बैठकीतही दोन रकाने मांडा, लोखंड कोणतं आणि वीज किती. ते भरून झाले की मगच दुकानाची वाट धरा.