चार बिंदू, एक कर्ण : संगणकातला डोंगर

संगणकातला डोंगर गोल नसतो. स्केचअपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो म्हणजे शेकडो त्रिकोणांची जाळी, तिलाच मेश म्हणतात. शाळेत भूगोलाच्या तासाला आपण समोच्च रेषा पाहिल्यात ना, त्याच सर्वेअर देतो. प्रत्येक रेषा आपापल्या उंचीवर उचलायची, ‘फ्रॉम कंटूर्स’ दाबायचं, की मधली जागा त्रिकोणांनी भरते. मी साहित्याची विद्यार्थिनी. पण आर्किटेक्चर शिकणाऱ्या मावसभावाशेजारी बसून हे पाहिलं, तेव्हा कळलं की खरं काम त्यानंतरचं आहे. संपादनाचं.

जाळीतला एक चौकोन घ्या. समोरासमोरचे दोन कोपरे १२ मीटर उंचीवर, उरलेले दोन १० मीटरवर. त्याचे दोन त्रिकोण करायला एक कर्ण लागतो. १२ला १२ जोडलात, तर मधोमध उंची १२. तिथे कणा तयार झाला, पाणी दोन्ही बाजूंना वाहून जाणार. १०ला १० जोडलात, तर मधोमध १०. आता तीच घळ, पाणी आतच येणार. चारही मोजमापं बरोबर, तरी जमीन २ मीटरने वेगळी! (स्वल्पविराम सरकला की वाक्य फिरतं, तसंच.) पावसाळी ओहोळ कुठून जातो हे यंत्राला ठाऊक नसतं; ते जागा बघितलेल्या माणसालाच ठाऊक.

कर्ण फिरवायचं हत्यार म्हणजे ‘फ्लिप एज’. कडा लपवलेल्या असतात, म्हणून आधी ‘हिडन जॉमेट्री’ चालू करायची, मेशच्या ग्रुपमध्ये शिरायचं आणि चुकीच्या कडेवर क्लिक करायचं. याची जास्त गरज पडते ती समोच्च रेषा जिभेसारखी वळते तिथे, म्हणजे घळीत नाही तर डोंगराच्या सोंडेवर. तिथे एखाद्या त्रिकोणाचे तिन्ही कोपरे एकाच रेषेवर पडतात आणि उतारावर उगाचच सपाट पायरी दिसते. कड फिरवून पुढच्या रेषेला जोडली की ती पायरी जाते. माथ्यावर मात्र हा उपाय चालत नाही. शेवटच्या रेषेच्या आत बिंदूच नाही, तर जोडणार कशाला? शिखराची उंची सर्वेअरकडून मागून घ्यावी.

‘स्मूव्ह’ नावाचं आणखी एक हत्यार आहे, त्याने जमीन कणकेसारखी वर-खाली ओढता येते. दिसतं झकास, पण मोजलेल्या जमिनीवर ते वापरू नये. मोजलेले बिंदूच हलतात.

‘स्टॅम्प’ घराचं जोतं उतारावर ठशासारखं उमटवतं : खाली सपाटी, कडेने उतार. ते वापरण्याआधी मूळ मेशची प्रत बाजूला ठेवाच. दोन्ही एकावर एक ठेवून छेद घेतला की किती डोंगर कापला जाणार नि कुठे भर पडणार ते दिसतं. आमच्या गोव्यात ही नुसती चित्रातली गोष्ट नाही. नगर आणि ग्राम नियोजन कायदा, १९७४ यातलं कलम १७-अ परवानगीशिवाय डोंगर कापायला आणि सखल जमीन बुजवायला मनाई करतं. समजा उतार चारास एक आहे आणि घर २० मीटर लांब, ८ मीटर रुंद. लांबी उताराच्या दिशेने ठेवलीत तर दोन टोकांत ५ मीटरचा फरक पडतो. तेच घर समोच्च रेषेला समांतर फिरवलंत, तर फक्त २.