कायद्याची मर्यादा आणि कायद्याची भीती

एखाद्या व्यक्तीचा उल्लेख 'तो' असा करावयाचा की 'ती' असा, हा प्रश्न एरवी व्याकरणाच्या पुस्तकाबाहेर पडत नाही. कॅनडात मात्र त्यावरून संसदेत आणि विद्यापीठांत कडाक्याचे वाद झडले. निमित्त होते 'सी-१६' या विधेयकाचे. मे २०१६ मध्ये मांडलेल्या या विधेयकाचे जून २०१७ मध्ये कायद्यात रूपांतर झाले. वंश, धर्म, लिंग आदी ज्या कारणांवरून भेदभाव करण्यास तेथे मनाई होती, त्यांत लिंगभावाची ओळख व तिची अभिव्यक्ती यांची भर पडली. द्वेषप्रसाराविरुद्धच्या फौजदारी कलमांचे संरक्षणही पारलिंगी व्यक्तींना मिळाले.

विधेयकात सर्वनामांचा उल्लेख कोठेही नव्हता. तरीही टोरांटो विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉर्डन पीटरसन यांनी त्याला कडाडून विरोध केला. अमुक बोलू नये असे सांगणे निराळे आणि अमुकच शब्द उच्चारावा अशी सक्ती करणे निराळे, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. ही भीती अतिरंजित असल्याचे विधेयकाच्या समर्थकांचे म्हणणे होते. द्वेषप्रसाराचा गुन्हा हेतुपुरस्सर असावा लागतो आणि त्याच्या खटल्यास ॲटर्नी जनरलची संमती लागते. शिवाय विद्यापीठे प्रांतिक कायद्याखाली येतात; ऑन्टारिओ प्रांताच्या कायद्यात अशी तरतूद २०१२ पासूनच होती.

पुढे घडलेल्या दोन घटना या वादावर चांगला प्रकाश टाकतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये ऑन्टारिओतीलच विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठात एका तरुण अध्यापन-सहायिकेने पीटरसन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादविवादाचा काही भाग वर्गात दाखविला. तेवढ्यावरून तिची झडती घेण्यात आली, कायदाभंगाचा ठपकाही ठेवण्यात आला. तिने त्या बैठकीचे ध्वनिमुद्रण केले होते. ते प्रसिद्ध होताच विद्यापीठाने माफी मागितली. तिच्याविरुद्ध रीतसर तक्रारच नव्हती, हेही उघड झाले.

दुसरी घटना ब्रिटिश कोलंबियातील एका उपाहारगृहातली. तेथील कर्मचाऱ्याने आपल्याला स्त्रीवाचक शब्दांनी संबोधू नये, अशी विनंती वारंवार केली. व्यवस्थापकाने ती धुडकावली, लाडिक टोपणनावांनी हिणविणे चालूच ठेवले. आणि अखेर नोकरी गेली ती कर्मचाऱ्याची! प्रांतिक मानवी हक्क न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये ३०,००० डॉलरची भरपाई देवविली.

शब्दांवरून कायदा हात घालू शकतो, हे दुसऱ्या घटनेने सिद्ध केले. म्हणजे पीटरसन यांची शंका अगदीच निराधार नव्हती. परंतु येथे दंड झाला तो मताला नव्हे. हाताखालच्या माणसाची अवहेलना करून त्याची भाकरी हिरावून घेण्याच्या कृत्याला तो झाला. उलट विद्यापीठातील प्रकार कायद्यापेक्षा कायद्याच्या धास्तीने घडला. वर्गात मत मांडले गेले तर त्याचे खंडन करता येते; साहेबाचे खंडन करणाऱ्या नोकराला किंमत मोजावी लागते. हा फरक ध्यानी घेतला, तर शिक्षकाचे कर्तव्यही स्पष्ट होते. लिंगभावाच्या सिद्धांतांवर त्याने वर्गात मोकळेपणी खल करावा. समोर बसलेल्या पारलिंगी विद्यार्थ्याला मात्र त्याच्या इच्छेप्रमाणेच हाक मारावी. चर्चा विषयाची व्हावी, विद्यार्थ्याची नव्हे. ही सीमारेषा कायद्याने आणि संस्थांनी आधीच स्वच्छ शब्दांत आखली नाही, तर भित्रे अधिकारी ती आपल्या सोयीने आखतील, आणि त्यात पारलिंगी व्यक्तीची प्रतिष्ठाही राखली जाणार नाही व विचारस्वातंत्र्यही.