एनएमआर: शिखरे मोजताना होणाऱ्या चुका

एनएमआर म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन. ‘अणुकेंद्रीय’ हा शब्द दिसला, की किरणोत्सर्गाची शंका येतेच. याच तत्त्वावर चालणाऱ्या एमआरआयच्या नावातून ‘न्यूक्लिअर’ गळाले तेही मुख्यतः या धास्तीपोटी. प्रत्यक्षात येथे कोणतेही केंद्र फुटत नाही. हायड्रोजनचे केंद्र, म्हणजे प्रोटॉन, चिमुकल्या चुंबकासारखे वागते. बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रात त्याच्या दोन ऊर्जापातळ्या होतात आणि खालून वर जाण्यापुरती ऊर्जा रेडिओलहरींतून मिळते. ९.४ टेस्लाच्या क्षेत्रात त्यासाठी ४०० मेगाहर्ट्झची वारंवारता लागते, एफएम रेडिओच्या साधारण चौपट. तपासणीनंतर नमुना जसाच्या तसा परत मिळतो.

धोका असलाच तर तो चुंबकाचा. संगणक बंद केला की चुंबकही बंद होतो, असे नवख्यांना वाटते. द्रव हेलियमच्या उणे २६९ अंश सेल्सिअस थंडाव्यात अतिसंवाहक तारेच्या वेटोळ्यातून एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे वाहत राहतो. त्यामुळे लोखंडी पाना घेऊन मध्यरात्रीही त्याच्याजवळ जाऊ नये.

वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती प्रतिसाद मिळाला याचा आलेख, वाचताना होणारी पहिली चूक म्हणजे जितके हायड्रोजन तितकी शिखरे, असे धरून चालणे. बेंझीनमध्ये सहा हायड्रोजन आहेत, शिखर मात्र एकच. कारण सहाही जणांचा शेजार सारखाच. स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी १९५१ मध्ये एथॅनॉलची तीन वेगवेगळी शिखरे दाखवली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांचे कान टवकारले. (यांतले धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी एनएमआरचे काम उभे केले.) त्या तीन शिखरांचे प्रमाण ३:२:१ होते. हे प्रमाण शिखरांच्या क्षेत्रफळाचे आहे, उंचीचे नव्हे. बुटके पण रुंद शिखर उंच शिखराला सहज मागे टाकते.

सर्वात चिवट गैरसमज फाट्यांचा. एथॅनॉलमधल्या मिथिल गटाचे शिखर १.२ पीपीएमजवळ (पीपीएम हे शिखराची जागा सांगण्याचे माप) तीन फाट्यांत दिसते. मिथिलमध्ये हायड्रोजनही तीनच, त्यामुळे ‘तीन हायड्रोजन, तीन फाटे’ हे समीकरण डोक्यात पक्के बसते. हा निव्वळ योगायोग आहे. फाटे स्वतःच्या नव्हे, शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजनांच्या संख्येवर ठरतात, आणि साध्या उदाहरणांत ते त्या संख्येपेक्षा एकाने अधिक असतात. मिथिलच्या शेजारी दोन हायड्रोजन, म्हणून तीन फाटे. त्याच रेणूतला सीएच-टू गट पाहिला की चुकीचे समीकरण तिथेच कोसळते: हायड्रोजन दोन, आणि ३.७ पीपीएमजवळ फाटे मात्र चार! एथॅनॉलचेच रेणुसूत्र असलेल्या डायमिथिल ईथरमध्ये सहाही हायड्रोजन समान आहेत आणि ऑक्सिजनपलीकडचे हायड्रोजन शेजारी म्हणून मोजायचे नसतात; त्यामुळे फाटे न पडता एकच शिखर मिळते.

तक्त्यात शोधून ओएचचे शिखर नक्की करणे हाही असाच फसवा प्रकार. हा हायड्रोजन एका रेणूवरून दुसऱ्यावर सतत उड्या मारतो. त्याची जागा द्रावण किती तीव्र आहे, द्रावक कोणता, तापमान किती, यांवर सरकते आणि एरवी त्याला फाटेही फुटत नाहीत. अतिशुद्ध, कोरड्या एथॅनॉलमध्ये या उड्या मंदावतात आणि तीन फाटे दिसू लागतात. खात्री करायची तर नळीत जड पाण्याचा थेंब टाकून ती हलवावी. हायड्रोजनची जागा ड्युटेरियम घेते आणि ते शिखर नाहीसे होते.

कार्बनच्या वर्णपटात नेहमीचा कार्बन-१२ दिसतच नाही, कारण त्याच्या केंद्राला स्पिन नसते, म्हणजे ते चुंबकासारखे वागत नाही. दिसतो तो निसर्गात जेमतेम १.१ टक्का असलेला कार्बन-१३. येथे क्षेत्रफळावरून कार्बन मोजायला जाऊ नये. हायड्रोजन नसलेल्या कार्बनचे शिखर नेहमीच्या वर्णपटात बहुधा खुजेच राहते.

मोठ्या यंत्रावर केमिकल शिफ्टचे, म्हणजे शिखरांच्या पीपीएममधल्या जागांचे, आकडे बदलतात, असेही समजले जाते. ही मोजणी टीएमएस या संदर्भ-संयुगाच्या शिखराला शून्य धरून, क्षेत्राच्या प्रमाणात होते, म्हणून १.२ पीपीएम कोणत्याही यंत्रावर १.२ च. बदलते ते हर्ट्झमधले अंतर. एक पीपीएम म्हणजे ६० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर ६० हर्ट्झ, ४०० च्या यंत्रावर ४०० हर्ट्झ. एथॅनॉलच्या फाट्यांमधले सुमारे ७ हर्ट्झ मात्र दोन्हीकडे तेवढेच राहतात. त्यामुळे लहान यंत्रावर एकमेकांत गुंतलेली शिखरे मोठ्या यंत्रावर सुटी होतात.