भुकटी, धागा आणि प्लास्टिक: काही पक्के गैरसमज

शेतातल्या लाइनसाठी पीव्हीसी पाइप घ्यायला गेलेला माणूस दोन कंपन्यांचे पाइप हातात तोलून पाहतो आणि जड लागेल तो उचलतो. लोखंडाच्या बाबतीत ही पारख बऱ्याच अंशी खरी ठरायची. प्लास्टिकला ती लागू पडत नाही. व्यास आणि जाडी सारखी असूनही एक पाइप जड लागत असेल, तर त्यात बहुधा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे दळलेली चुनखडी, जास्त घातलेली असते. पीव्हीसीची घनता १.४च्या आसपास आणि चुनखडीची २.७, त्यामुळे चुनखडी वाढली की वजन वाढणारच. बारीक दळलेली, लेप दिलेली भुकटी बेताने घातली तर पाइप ताठ होतो आणि त्याचे काही बिघडत नाही. बेसुमार घातली तर पाण्याचा दाब झेलणारे मूळ पीव्हीसीच कमी पडते, पाइप ठिसूळ होतो आणि उभा चिरतो. म्हणूनच भारतीय मानकात पाइपच्या घनतेला वरची मर्यादा घातलेली असते.

हे ऐकले की माणसे लगेच दुसऱ्या टोकाला जातात आणि फिलर, म्हणजे प्लास्टिकमध्ये भरलेला असा कोणताही पदार्थ, वाईटच ठरवतात.

"फिलर म्हणजे भेसळच"

लिओ बेकलंड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बॅकेलाइट तयार केले आणि विजेची बटणे, प्लग, रेडिओच्या पेट्या त्याच्या होऊ लागल्या. त्या वस्तू निव्वळ रेझिनच्या नव्हत्या. फिनॉलचे रेझिन एकटे असले की ठिसूळ असते. त्यात लाकडाचा बारीक भुसा मिसळला तेव्हा कुठे ते साच्यात नीट बसू लागले आणि धक्का सोसू लागले. कृत्रिम प्लास्टिकच्या युगाची सुरुवातच फिलरच्या आधाराने झाली आहे.

याहून मोठा दाखला रस्त्यावर रोज फिरतो. सुरुवातीचे टायर फिकट रंगाचे असत, कारण त्यांत झिंक ऑक्साइडची पांढरी भुकटी असे. १९०४मध्ये लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातल्या रबर कारखान्यात एस. सी. मोट यांना काजळीने, म्हणजे कार्बन ब्लॅकने, रबर बळकट होते असे आढळले. पुढच्या काही वर्षांत टायर काळे झाले ते या कारणाने. आजही टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या थरात रबराच्या १०० भागांमागे साधारण ५० भाग फिलर असतो. टायरमध्ये वापरले जाणारे एसबीआर हे कृत्रिम रबर एकटे असेल तर २ ते ३ मेगापास्कल ताणाला तुटते. कार्बन ब्लॅक घातल्यावर ते २०च्या पुढचा ताण सोसते. सात-आठ पट ताकद देणाऱ्या पदार्थाला भेसळ म्हणणे हा अन्यायच आहे.

पण तेच रबर घेऊन त्यात तितकीच चुनखडी घाला, हा चमत्कार होत नाही. फरक कणाच्या आकारात आहे. टायरच्या काजळीचा मूळ कण २० ते ३० नॅनोमीटरचा असतो, तर बाजारातल्या साध्या चुनखडीचा काही मायक्रॉनचा, म्हणजे शंभरपट मोठा. नेहमीच्या एका प्रकारच्या काजळीच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग ८० चौरस मीटरच्या आसपास भरतो. रबराला धरून ठेवायला इतकी जागा मिळते. भुकटी असो की धागा, या सगळ्या विषयाची किल्ली हीच आहे. भरलेला पदार्थ स्वतः कितीही कणखर असला, तरी प्लास्टिकवर आलेला भार त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे. तो मधल्या सीमेवरून, म्हणजे दोघांच्या पृष्ठभागांच्या जोडावरूनच पोचतो.

"फिलर घातला की वस्तू स्वस्त होते"

कारखान्यात प्लास्टिकचा दाणा किलोवर विकत घेतला जातो आणि वस्तू मात्र नगावर विकली जाते. इथेच हिशेब चुकतो. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९, ते पाण्यावर तरंगते. त्यात वजनाने ४० टक्के चुनखडी घातली की घनता १.२३च्या जवळ जाते. वजनाने ४० टक्के असलेली ही चुनखडी जागा मात्र १८ टक्केच व्यापते. म्हणजे तीच खुर्ची त्याच साच्यातून काढायला साधारण ३६ टक्के जास्त वजनाचा माल लागतो. चुनखडीच्या दरात झालेली बचत बरीचशी तिथेच खपते, वर कंपाउंडिंगचा, म्हणजे प्लास्टिक वितळवून त्यात भुकटी मिसळण्याचा, खर्च असतोच. स्वस्ताईसाठी घातलेला फिलर अनेकदा स्वस्त पडत नाही. ताठपणासाठी घातला तर त्याचे मोल होते. मोटारींच्या डॅशबोर्डच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये टाल्क घालतात ते त्यासाठी. टाल्कचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात, त्यामुळे ते चुनखडीपेक्षा जास्त ताठपणा देतात आणि उन्हात तापल्यावर भाग वाकत नाही.

"काच घातली की सगळेच गुण वाढतात"

आपण मजबूत हा एकच शब्द वापरतो आणि त्यात तीन वेगळे गुण कोंबतो: वाकायला विरोध करणारा ताठपणा, तुटेपर्यंत भार झेलणारी ताकद आणि धक्का पचवणारा चिवटपणा. हे तिन्ही एकदम वाढतातच असे नाही. नायलॉन ६ या प्लास्टिकमध्ये वजनाने ३० टक्के काचेचे आखूड धागे घातले, की कोरड्या स्थितीत ताठपणा तिपटीच्या आसपास होतो, ताकद दुप्पट होते आणि ठरावीक भाराखाली वाकण्याचे तापमान ६५ अंशांच्या आसपास असते ते २०० अंशांपर्यंत जाते. इंजिनाजवळचे कितीतरी भाग धातूऐवजी नायलॉनचे झाले ते या आकड्यांमुळे. मात्र तुटण्याआधी ताणले जाण्याची क्षमता तीन-चार टक्क्यांवर येते. त्यामुळे दाबून बसणारी खिट्टी किंवा वारंवार वाकणारी बिजागरी काचभरल्या नायलॉनची केली तर ती लवकर मोडते. शिवाय साच्यात दोन बाजूंनी आलेले वितळलेले प्लास्टिक जिथे एकमेकांना भेटते, त्या वेल्ड लाइनवर धागे पलीकडे ओलांडत नाहीत. तिथे काचेचा फायदा जवळजवळ शून्य होतो. चांगला साचा करणारा म्हणूनच आधी वेल्ड लाइन कुठे पडेल ते पाहतो.

"जितके जास्त धागे, तितके बळ"

धाग्याच्या टोकांवर भार शून्यापासून सुरू होतो आणि आत सरकत जाताना वाढतो. धागा फार आखूड असेल तर त्याच्या पूर्ण ताकदीइतका भार त्याच्यावर कधी येतच नाही, तो नुसता प्लास्टिकमधून निसटतो. ही किमान लांबी किती हवी याचे सूत्र केली आणि टायसन या संशोधकांनी १९६५मध्ये मांडले. धागा जितका जाड आणि जितका ताकदवान, तितकी लांबी जास्त लागते. जोड जितका पक्का, तितकी कमी. काचेच्या धाग्याला जोड चांगला असेल तर काही दशांश मिलिमीटर पुरतात, जोड कच्चा असेल तर एक मिलिमीटरही अपुरा पडतो. दाण्यात तीन-चार मिलिमीटरचे घातलेले धागे मशीनच्या स्क्रूमध्ये आणि साच्यात मोडून तयार भागात बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली येतात. धाग्यांचे प्रमाण वाढवले की ते एकमेकांवर घासून आणखी मोडतात. त्यामुळे एका मर्यादेनंतर काच वाढते, ताकद वाढायची थांबते.

जोडाचे महत्त्व पॉलिप्रॉपिलीनमध्ये लख्ख दिसते. हे तेलकट स्वभावाचे प्लास्टिक काचेला चिकटतच नाही. काचेवर सिलेनचा लेप आणि प्लास्टिकमध्ये एक-दोन टक्के मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन, एवढ्याने ३० टक्के काचेच्या त्याच मिश्रणाची ताकद जवळजवळ दुप्पट होते. काच तेवढीच, प्लास्टिक तेच. उलट गोळी थोपवणाऱ्या अॅरामिड कापडाच्या थरांत जोड मुद्दाम सैल ठेवतात, कारण धागे सुटताना आणि ओढले जाताना गोळीची ऊर्जा खातात.

हाताने थर लावून होणाऱ्या फायबरच्या कामात हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. कोकणातल्या फायबरच्या होड्या किंवा मंडळांच्या कायमस्वरूपी गणेशमूर्ती काचेच्या मॅटवर पॉलिएस्टर रेझिन चोपडून करतात. रेझिन सढळ हाताने ओतले की काम भक्कम होते असे अनेकांना वाटते. मॅट पूर्ण भिजेल एवढे रेझिन हवे, हे खरे. त्यावर साचलेले जादा रेझिन ठिसूळ असते आणि आधी तेच तडकते. मॅट नीट न भिजवता हवेचे बुडबुडे आत राहिले, किंवा कापलेली कड उघडी राहिली, तर तिथून पाणी धाग्यांच्या कडेने आत सरकते आणि होडीच्या तळाला फोड येतात. रोलर फिरवून बुडबुडे काढणाऱ्या कारागिराच्या हातावर होडीचे आयुष्य ठरते.

"कार्बन फायबर पोलादापेक्षा मजबूत"

एका दिशेने, हो. एकाच दिशेला धागे असलेला कार्बन आणि इपॉक्सीचा पत्रा धाग्यांच्या दिशेत १३० ते १४० गिगापास्कल ताठपणा दाखवतो, आडव्या दिशेत मात्र १०च्या आसपास. बुरूड कामट्या काढताना बांबू उभा चिरतो तो ज्या सहजतेने चिरतो, तसेच हे आहे. सर्व दिशांना सारखा ताठपणा हवा म्हणून थर वेगवेगळ्या कोनांत लावले, तर तो साधारण ५०वर येतो, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ७०पेक्षाही कमी. वजनाच्या तुलनेत कार्बन तरीही पुढे राहतो, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही.

याचा महागडा धडा रोल्स-रॉइसला मिळाला. आरबी२११ या विमान इंजिनाच्या पुढच्या पंख्याची पाती त्यांनी कार्बन फायबरची केली. १९७०मध्ये पक्षी आदळल्याच्या चाचणीत ती फुटली आणि टायटॅनियमकडे वळावे लागले. इंजिनाच्या विकासाचा खर्च हाताबाहेर गेला आणि फेब्रुवारी १९७१मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. दोष एकट्या पात्यांचा नव्हता, पण धक्का आडवा येतो आणि तिथे धाग्यांपेक्षा रेझिनची कसोटी लागते, हे तेव्हा पुरेसे हिशेबात धरले गेले नव्हते. १९९५मध्ये सेवेत आलेल्या जीई९० इंजिनात कार्बनची पाती यशस्वी झाली, ती चिवट केलेले इपॉक्सी आणि पुढच्या कडेला टायटॅनियमची पट्टी यांच्या बळावर.

"नॅनो" आणि "नैसर्गिक"

टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉनमध्ये वजनाने पाच टक्क्यांहून कमी मातीचे, एक नॅनोमीटर जाडीचे थर मिसळून त्याचे वाकण्याचे तापमान ६५ अंशांवरून १४० अंशांच्या पुढे नेले. हे खरे आहे, पण ते थर एकेक सुटे झाले म्हणून. नॅनो भुकटीच्या गुठळ्या राहिल्या तर प्रत्येक गुठळी भेगेची सुरुवात ठरते आणि महागडा माल साध्या टाल्कपेक्षा वाईट वागतो.

ताग, काथ्या किंवा कापसाचा धागा घातला म्हणून वस्तू मातीत कुजत नाही. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट मोटारीचे बाह्य पत्रे कापसाचे टाकाऊ धागे आणि फिनॉल रेझिन यांचे होते. ते गंजत नसत आणि कुजतही नसत, त्यामुळे भंगारात निघालेल्या गाड्यांचे काय करायचे हा प्रश्न उरला. काच आणि इपॉक्सीच्या पवनचक्कीच्या पात्यांचेही तेच आहे. साताऱ्याच्या वनकुसवडे, चाळकेवाडी पठारांवरच्या जुन्या पवनचक्क्या उतरतील तेव्हा ती पाती वितळवता येणार नाहीत. सध्याचा एक चालता मार्ग सिमेंटच्या भट्टीतून जातो: तुकडे केलेल्या पात्यांतले रेझिन इंधन म्हणून जळते आणि काचेतली सिलिका क्लिंकरमध्ये मिसळते.