राघू झाडावर राहू द्या, बजी पाळा

आमच्या नागरा गावात झाडांवर हिरवे राघू दिसतात. त्यांना पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, पिल्लू ढोलीतून काढून आणलं तरीही. पक्षी पाळायचाच असेल तर मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पिंजऱ्यातच पैदास झालेला बजी घ्या. फार लाघवी जीव!

सुरुवातीचे काही दिवस पिंजऱ्यात हात घालूच नका. जवळ बसून हळू बोला. तुमच्यासमोर तो निवांत दाणे टिपू लागला, पंख साफ करू लागला, की जाळीतून राळ्याचं कणीस धरा. नंतर तेच तळहातावर ठेवा. मग बोट आडवं धरून पायांच्या जरा वर, पोटाला अलगद टेकवा. तो बोटावर चढतो. चढताच दाणा द्या. एका वेळी दहा मिनिटं पुरतात. अंग आवळून ताठ बसला, तर हात मागे घ्या. झडप घालून पकडलंत, की कमावलेला विश्वास गेला.

खोलीत सोडण्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद.

पिंजरा स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वायूनं पक्षी काही मिनिटांत दगावतो. आणि मे महिन्यात कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका.