बोंडातला तंतू, रंगाचा हौद

दसऱ्याच्या आसपास बीड जिल्ह्यात गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या भागांत कापसाची बोंडे उमलू लागतात. बोंडातला प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या टरफलावर वाढलेली एकच पेशी. फूल आल्यावर पहिले वीसेक दिवस ती नुसती लांब होते. संकरित वाणांत साधारण २८ ते ३० मिलिमीटर. मग बोंड पिकेपर्यंत तिच्या भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर चढतात. नेमक्या याच दिवसांत पावसाने ओढ दिली किंवा गुलाबी बोंडअळी आत शिरली, तर थर अपुरे राहतात. तंतू दिसायला असतो, पण भिंत पातळ. कवडी म्हणजे खराब कापसात असे तंतू पुष्कळ.

सेल्युलोज हे ग्लुकोजच्या हजारो रेणूंची साखळी. ज्वारीच्या पिठातला स्टार्चही ग्लुकोजचाच. फरक फक्त जोडणीचा. स्टार्चची साखळी वेटोळे घेते आणि पोटात पचते. सेल्युलोजची साखळी सरळ असते, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून राहते आणि माणसाला पचत नाही. भाकरी आणि सदरा यांच्यातले हे अंतर कापड उद्योगाच्या पहिल्याच पायरीवर उपयोगी पडते. मागावर ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला बहुधा स्टार्चची खळ देतात. विणून झाल्यावर ती काढायला अमायलेज हे विकर वापरतात. लाळेतही असणारे हे विकर स्टार्च तोडते, सेल्युलोजला हात लावत नाही. खळ निघते, कापड शाबूत राहते.

कच्चा कापूस पाण्यावर टाकला तर तरंगतो, कारण तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळल्यावर मेण आणि पेक्टिन निघून जातात व कापड पाणी शोषू लागते. दवाखान्यातला कापूस जखम टिपतो तोही अशाच प्रक्रियेमुळे. उरलेला पिवळसरपणा हायड्रोजन पेरॉक्साइड घालवते. हाच सोडा दाट करून थंड वापरला, तर तंतू फुगून गोल होतो आणि रंग जास्त घेतो. जॉन मर्सरने १८५० मध्ये या क्रियेचे पेटंट घेतले. मर्सराइज्ड कापड हे नाव त्याचेच. त्या कापडाची चकाकी मात्र पुढे, कापड ताणून धरून ही क्रिया केल्यावर मिळाली.

रंगाच्या हौदात शेतातले सगळे उघडे पडते. १९५६ पासून बाजारात आलेले रिॲक्टिव्ह रंग सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी पक्का रासायनिक बंध जोडतात, म्हणून धुण्यात सहसा जात नाहीत. पातळ भिंतीच्या तंतूत सेल्युलोजच कमी. तो रंग कमी दाखवतो, शिवाय कातताना गुंतून त्याच्या बारीक गाठी होतात. गडद निळ्या कापडावर त्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात आणि पुढे त्यांवर इलाज फारसा उरत नाही. वेचणीला वापरलेल्या प्लॅस्टिक गोणीचे धागे त्याहून वाईट. गोणीच्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये हायड्रॉक्सिल गट मुळीच नाहीत. रंग या धाग्याला चिकटत नाही आणि जिनिंगमध्ये हा धागा रुईतून वेगळाही होत नाही. वेचणीसाठी सुती झोळीचा आग्रह धरला जातो, त्यामागे हे साधे रसायन आहे. वेचणाऱ्या बाईला ते कोणी समजावून सांगत नाही, ही खरी उणीव.

शेवटी येते फिनिशिंग. घामाने किंवा पाण्याने हायड्रोजन बंध सुटतात, साखळ्या सरकतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा बंध जुळतात, हीच सुरकुती. ती टाळण्यासाठी कापडाला रेझिन देऊन भट्टीत तापवतात. रेझिन शेजारच्या साखळ्यांमध्ये कायमचे पूल बांधते. इस्त्री टिकते, पण साखळ्यांना सरकायला जागा न राहिल्याने कापडाची ताकद बरीच घटते. अशी अनेक रेझिने फॉर्माल्डिहाइडपासून बनतात. हा वायू डोळ्यांना व त्वचेला त्रास देतो आणि कर्करोगकारक ठरला आहे. त्याच्याऐवजी लिंबात असते तशा सायट्रिक आम्लाने पूल बांधण्याची पद्धत आहे. तिच्यात फॉर्माल्डिहाइड लागत नाही, मात्र तापवताना पांढरे कापड पिवळट पडते.