वराहकृपेचा चहा

गोबरगॅसवर सत्यनारायणाचा शिरा झाला तर कुणाची हरकत नसते. तोच गॅस डुकराच्या विष्ठेचा आहे असं सांगून बघा, पाहुण्याचा कप ओठाशी जाता जाता थबकतो. ज्योत तीच, निळी. मिथेनला तर स्वतःचा वासही नसतो. नाकात जाते ती सडक्या अंड्यांची घाण हायड्रोजन सल्फाइडची, आणि ती गाईच्या गॅसलाही चुकलेली नाही. लोखंडाचा कीस भरलेल्या नळीतून गॅस सोडला की हा सल्फाइड बराचसा तिथेच अडकतो. पाहुण्याचं सोवळं मात्र कुठल्याच गाळणीत अडकत नाही.

खरं तर या कामात डुक्कर गाईपेक्षा सरस. गाय रवंथ करणारी. चारा तिच्या पोटातच आंबतो आणि तिथला मिथेन ढेकरेवाटे हवेत जातो. डुकराचं पोट आपल्यासारखंच एककप्पी, त्यामुळे मागे बराच ऐवज उरतो. किलोभर ताज्या शेणातून साधारण 40 लिटर गॅस निघतो. डुकराच्या किलोभर विष्ठेतून सहसा त्याहून जास्त.

पण इथे एक गंमत आहे. शेण येतं तेच मिथेन करणारे सूक्ष्मजीव सोबत घेऊन. डुकराच्या विष्ठेत ही फौज तेवढी तयार नसते. म्हणून नव्या टाकीत आधी शेण किंवा चालू टाकीतली रबडी घालतात. थोडक्यात, विरजण! म्हणजे वराहाच्या टाकीलाही सुरुवातीला गोमातेचा प्रसाद लागतोच. शिवाय डुकराच्या विष्ठेत नायट्रोजन भरपूर. अमोनिया वाढला की सूक्ष्मजीवांचं पोट बिघडतं, मग पेंढा वगैरे मिसळून पथ्य सांभाळावं लागतं. आपल्याकडे ‘शेण खाल्लं’ म्हणजे घोडचूक केली. या मंडळींचा मात्र तो रोजचा वरणभात.

आजोळी परसात गोबरगॅसच्या टाकीवर लोखंडी टोपी होती, गॅस साठला की वर चढणारी. शेणकाला हाताने कालवायचा, त्यातल्या काड्या वेचून काढायच्या, आणि सकाळी टोपी किती वर आलीय ते बघून आजी ठरवायची, आज पोळ्या की नुसता चहा. थंडीत टोपी रुसायची. सूक्ष्मजीवांना 35 अंशांची ऊब आवडते, हे तेव्हा आम्हाला कुठलं माहीत! मध्येच शेगडी फरफरायला लागली की मामा नळीत साचलेलं पाणी काढून यायचा. शेगडीही निराळी, मोठ्या भोकांची. सिलिंडरच्या शेगडीला हा गॅस नीट पेटत नाही, कारण त्यात ताकद कमी.

चिनी लोकांनी टोपीची भानगडच ठेवली नाही, अख्खी टाकी घुमटासकट जमिनीत पुरली. वर बहुतेक वेळा घरची दोन-चार डुकरं. डुक्कर आणि चिनी घर यांचं नातं तर लिपीतच आहे: ‘घर’ लिहायचं तर छपराखाली डुक्कर काढतात. कुंपणात डुक्कर काढलं की जुन्या चिनीत त्याचा अर्थ डुकराचं खोपटही आणि संडासही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळातल्या थडग्यांत अशा जोडखोपटांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्यात. वर माणूस, खाली डुक्कर. चेहऱ्यावर आठ्या आणण्याआधी जुन्या गोव्याची घरं आठवा. तिथेही परसातल्या संडासाखाली डुक्कर वाट बघतच असायचं. गॅस नव्हता, पण हिशेब तोच.

चीनमधली सगळ्यात प्रसिद्ध बायोगॅस टाकी लियांगजियाहे गावात आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात शहरातून खेड्यात पाठवलेला एक तरुण 1974 मध्ये तिथल्या पक्षशाखेचा सचिव झाला. सिचुआनला जाऊन तो हे तंत्र शिकून आला आणि गावात टाकी बांधली. शान्शी प्रांतातली ही पहिली, असं सांगतात. तुंबलेली नळी मोकळी करताना सगळा काला त्याच्या अंगावर उडाला होता म्हणे. तो तरुण म्हणजे शी जिनपिंग.

मुंबईकरांनी मात्र फार नाक मुरडू नये. मानवी मैल्यापासून गॅस काढून दिवे लावायचा मान माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमाला दिला जातो. बरीच पुस्तकं यासाठी 1859 साल देतात आणि एकमेकांचं बघून देतच राहतात. आश्रम उघडला 1890 मध्ये! तेव्हा हा उद्योग त्यानंतरचाच. आश्रम उभारणारे महापालिका आयुक्त हॅरी ॲक्वर्थ. वडाळ्याच्या रुग्णालयाला आजही त्यांचं नाव आहे. आणि हेच ॲक्वर्थ शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या जोडीने मराठी पोवाडे गोळा करत होते. तो संग्रह 1891 मध्ये छापला गेला. आधी पोवाडे, मग मैल्याचे दिवे. असा आयुक्त पुन्हा होणे नाही.

डुकरं हजारांनी ठेवली की मामला चहापुरता राहत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या फार्मवर विष्ठेची अक्षरशः तळी असतात, आणि त्यातली कित्येक गुलाबी दिसतात. विमानातून कुणाला स्ट्रॉबेरी मिल्कशेक वाटेल, पण ती करामत जांभळ्या गंधक-जिवाणूंची. त्याच राज्यात लॉइड रे फार्म्स या 9,000 डुकरांच्या फार्मवर ड्यूक विद्यापीठ, गूगल वगैरेंनी तळ्यावर झाकण घातलं आणि खालच्या गॅसवर 65 किलोवॅटचं टर्बाइन फिरवलं.

झाकण नसेल, गॅसला वाटच नसेल, तर काय होतं ते आयोवात दिसलं. तिथे शेडखालच्या खड्ड्यांत कधीकधी घट्ट करडा फेस चढतो, दुधावरच्या सायीसारखा, बुडबुड्या-बुडबुड्यात मिथेन. फेस मोडला आणि ठिणगी पडली की खेळ खलास. सप्टेंबर 2011 मध्ये असं एक शेड उडालं आणि सुमारे 1,500 डुकरं मेली.

ब्राझीलच्या पाराना राज्यातलं एन्ट्रे रिओस दो ओएस्ते हे गाव शहाणं निघालं. 18 पिग फार्मचा गॅस नळाने एका छोट्या वीजकेंद्रात आणला, आणि 2019 पासून सरकारी इमारतींच्या विजेचा हिशेब त्यातून भागवला जातो. डेन्मार्कात तर माणसं 60 लाखांच्या घरात आणि डुकरं त्यांच्या जवळपास दुप्पट. देशाच्या गॅसवाहिनीतला बराच मोठा वाटा आता बायोगॅसचा आहे.

ऑस्ट्रेलियन सिनेमाला हे आधीच सुचलं होतं. 1985 च्या ‘मॅड मॅक्स बियाँड थंडरडोम’मध्ये टीना टर्नर ज्या शहरावर राज्य करते, ते वर झगमगतं आणि तळघरातल्या डुकरांवर चालतं. खालचा कारभार सांभाळणाऱ्या मास्टरने झडप फिरवली की वर अंधार, आणि राणीसाहेबांना सगळ्यांसमोर त्याची मनधरणी करावी लागते.

मला मात्र खरा हिरो वाटतो तो इंग्लंडातल्या डेव्हनचा हॅरोल्ड बेट. या गड्याने डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या विष्ठेचा गॅस बाटल्यांत भरून आपली मोटार वर्षानुवर्षं पळवली, आणि ज्यांना हौस होती त्यांना तसा कनव्हर्टरही विकला. 1974 मध्ये कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने त्याच्यावर लघुपट काढला. मोटार विष्ठेवर चालणारी, आणि लघुपटाच्या नावात शब्द काय, तर ‘स्वीट’!